पहिला अंगठा

आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडे अंगठा मागून बघा. आधी तो तुमच्या तोंडाकडे बघेल, मग तुमच्या मागे कोण उभं आहे ते बघेल, आणि मग हात काखेत घालून म्हणेल, "कनाला?" म्हणजे कशाला. गाव म्हणायचं ते आपलं सवयीनं. पनवेलच्या महापालिकेत ते कधीच गेलंय, चारी बाजूंनी टॉवर उठलेत, मधल्या गल्ल्यांत आम्ही. पण अंगठ्याची भीती अजून गावचीच आहे. या भागात नवं शहर आलं, रस्ते आले, विमानतळ आला, आणि प्रत्येकाच्या आधी कागद आला. कागदाच्या खाली निळा अंगठा. ज्यांनी तो दिला ते अजून रिक्षातून जाताना बोट दाखवतात, तिकडं आपलं भात होतं. आता तिथे पार्किंग आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, या भीतीतून सुटलेले एकटेच. ते फौजेत होते, हवालदार होऊन घरी आले, आणि ते सही करायचे. सही म्हणजे काय, अख्खी आगगाडी, वर खाली दोन रेघा! गावात कुठलाही कागद आला की आधी आमच्या ओटीवर. "हवालदार, वाचून बग रं." दादा चष्मा लावायचे, ओठ हलवत वाचायचे. त्यांनी मान हलवली तर माणूस अंगठा द्यायचा. नाही हलवली तर कागद आणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचे. आई आतून म्हणायची, "झाला यांचा कोर्ट सुरू." दादांना ते ऐकू जायचं, आणि आवडायचंही.

आईला रक्ताचा कॅन्सर होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर म्हणाले, या प्रकारात घाबरायचं नाही, रोज एक गोळी घ्यायची आणि जगायचं, लोक बीपीची घेतात तशी. पहिली गोळी काही वर्षं चालली. मग तिचा उपयोग होईना म्हणून दुसरी आली, आणि ही दुसरी भयंकर महाग. दुकानातून विकत घेऊन आयुष्य काढावं असलं आमचं घर नाही. पण दादांचं फौजी कार्ड होतं. माजी सैनिक आणि त्याची बायको, दोघांचे उपचार त्यावर व्हायचे. महिन्यातून एकदा माजी सैनिकांच्या दवाखान्यात जायचं, रांग लावायची, आईच्या गोळ्या घेऊन यायच्या. आई भाकऱ्या थापायची, शेजारणीशी भांडायची, माझ्या नवऱ्याला, म्हणजे घरच्या जावयाला, मासळी साफ करायला बसवायची. हे सगळं त्या एका गोळीवर चाललेलं होतं आणि ते आम्हाला चांगलं माहीत होतं.

अशात सरकारचं नवं कार्ड निघालं, सत्तरीपुढच्यांसाठी. सत्तर वर्षं पूर्ण झाली की कुणालाही मिळणार. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर उपचार फुकट. योजना चांगली, मी तिला आजही नावं ठेवणार नाही. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने गावात शिबिर लावलं. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या, बाहेर त्यांच्या हसऱ्या फोटोचा बॅनर, आत टेबलावर टॅब आणि अंगठ्याचं यंत्र. आमच्याच नाक्यावर ऑनलाइन कामांचं दुकान चालवणारी एक बाई ते यंत्र घेऊन बसली होती. म्हातारे आले. चहा प्याले, बिस्किटं खाल्ली, आणि अंगठा म्हटल्यावर सगळे खुर्चीला चिकटून बसले. एक म्हातारा तर मोठ्यानेच बोलला, "अंगठा दिला का जमीन जाते. आता घर तेवडा राहिलाय. तो पन घ्या."

मग काय, पुढाऱ्याची माणसं धावली दादांकडे. "हवालदार, तुमी चला. तुमी पयला द्या, मंग समदी देतील."

दादांना त्या कार्डाची काडीची गरज नव्हती. पण कुणी त्यांना 'तुम्ही पहिले' म्हटलं की संपलंच. फौजेतली सवय, हवालदार पुढे आणि पोरं मागे. त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, पदकांचा बिल्ला लावला आणि गेले. आईने दारातून सांगितलं होतं, "अवो, तुमच्याकडं हाय ना एक कार्ड, दुसरा कनाला?" त्यावर दादा म्हणाले, "लोकांसाठी गो. मना काय करायचाय?"

मी तिथे नव्हते. मी पनवेलमध्येच राहते, एका सीएच्या ऑफिसात लोकांचे रिटर्न भरते, त्या दिवशी ऑफिसात होते. पण पुढाऱ्याच्या माणसांनी व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. तो मी इतक्यांदा बघितलाय की आता डोळे मिटून सांगू शकते. दादा खुर्चीवर ताठ बसलेत. टॅबवाली बाई विचारते, "काका, दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेत आहात का?" दादा म्हणतात, "हाय की. फौजी कार्ड हाय." बाई म्हणते, "मग दोन्हीतलं एक निवडायला लागेल." दादा विचारतात, "दोनी नाय चालनार?" बाई काहीतरी बोलायला तोंड उघडते तेवढ्यात पुढाऱ्याचा माणूस मधे वाकतो. "चालतं हो, चालतं! घ्या साहेबांचा अंगठा, फोटो काढायचाय." बाई टॅबवर काहीतरी दाबते. दादा अंगठा ठेवतात. टाळ्या. मागून म्हाताऱ्यांची रांग लागते, लुगड्यातल्या बायकासुद्धा. तो जमीन जाते म्हणणारा म्हातारा दादांच्या पाठोपाठ.

घरी आल्यावर आईने खिजवलं, "आला माजा अंगठाबहाद्दर!" दादांनी मिशीवरून हात फिरवला. त्या दिवशी घरात सगळे खूश होते.

पुढच्या खेपेला मी दादांबरोबर दवाखान्यात गेले. खिडकीतला कारकून स्वतः माजी सैनिक, दादांच्या ओळखीचा. कार्ड मशीनला लावलं, परत लावलं, मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हवालदार साब, ये तो बंद है. आपने दूसरा ले लिया."

दादा हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय.

"छोड़ के गए हो साब, अपने अंगूठे से. इधर लिखा है."

मी पुढे झाले. म्हटलं, ते वडिलांचं असेल, आईच्या गोळ्यांचं काय? तो म्हणाला, आईचं नाव वडिलांच्या कार्डाखाली आहे, वरचं बंद झालं की खालचंही थांबतं. असं व्हायला नको खरं तर, पण मशीन तसंच दाखवतंय. मी म्हटलं, मग नव्या कार्डावर द्या. त्यावर तो माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तसं बघायला लागला. नवं कार्ड सत्तरीपुढच्यांना, आई तर अडुसष्टची. आणि ती सत्तरीची असती तरी ते कार्ड दाखल झालेल्या पेशंटसाठी. घरी बसून खायच्या गोळ्या त्यात नाहीत.

दादांनी खिडकीच्या दांडीला धरलं होतं. ते एवढंच म्हणाले, "पन मी तर दुसऱ्यांसाठी दिला अंगठा."

"वो मशीन को क्या पता, साब," कारकून म्हणाला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याने गुपचूप चार गोळ्या असतील तर द्याव्यात म्हणून आत जाऊन बघितलंही. नव्हत्या.

मग सुरू झाली आमची पायपीट. फौजी योजनेचं वरचं ऑफिस म्हणालं, तिकडचं कार्ड रद्द झाल्याचं पत्र आणा, मग आम्ही इकडचं उघडू. नव्या योजनेचं ऑफिस म्हणालं, इकडचं रद्द करता येत नाही, एकदा निवडलं की निवडलं. आणि करायचंच तर तुमचं दुसरं कार्ड चालू आहे असं पत्र आणा. अहो, ते चालू असतं तर मी तुमच्या दारात आले असते का? मी एका साहेबाला हे तोंडावर विचारलं. तो म्हणाला, मॅडम, आवाज खाली. मी म्हटलं, माझी आई मरेल आणि तुम्ही आवाजाचं बोलताय? दादा माझा हात ओढत होते. ते त्या साहेबाला सॅल्यूट ठोकून बाहेर आले. मला अशी तिडीक गेली डोक्यात! जिन्यातच मी त्यांच्यावर ओरडले, सॅल्यूट कसला ठोकता, लाज वाटते का त्या माणसाला? दादा म्हणाले, "सवय हाय गो बाय. काय करू?"

मेल केले, तक्रारी टाकल्या, टोल फ्री नंबरवर गाणी ऐकली. कुणी वाईट वागत नव्हतं, हेच जास्त वाईट. प्रत्येक जण सांगायचा, केस पुढे पाठवलीय. पुढे म्हणजे कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा उभा जन्म कॉम्प्युटरसमोर गेला, लोकांच्या चुकलेल्या नोंदी दुरुस्त करण्याचाच माझा धंदा, आणि माझ्या बापाच्या एका अंगठ्यापुढे मी हात टेकले.

गोळ्या मात्र आम्ही थांबवल्या नाहीत. मी विकत आणायला लागले. कुठून, कशा, ते सांगत बसत नाही, प्रत्येक घराला ते कळतं. आईला म्हटलं, तू फक्त खायचं काम कर, बाकीचं आम्ही बघतो. ती म्हणाली, "बरा." पण आई अडाणी असली तरी औषधाच्या दुकानाच्या पावतीवरचे आकडे तिला वाचता यायचे. पुड्याच्या मागची किंमतही. एकदा तिने पुडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्या किती दिवस आनाव्या लागतील?"

मी म्हटलं, कार्ड चालू होईपर्यंत.

"कवा होनार?"

मला माहीत नव्हतं. दादांनाही माहीत नव्हतं. ती पुडा घेऊन आत गेली.

एका दुपारी समोरच्या गल्लीतली म्हातारी आमच्याकडे आली. दादांच्या मागोमाग रांगेत उभी राहून तिने अंगठा दिला होता. तिला छातीत दुखायला लागलं, पनवेलच्याच एका दवाखान्यात नेलं, नवं कार्ड दाखवलं, आत नळी घालून रक्तवाहिनी मोकळी केली, चार दिवसांत घरी. एक पैसा लागला नाही. ती ताटात कोलंबी घेऊन आली होती, मोठी, ताजी. दादांच्या पाया पडायला वाकली तसे दादा मागे सरले. "हवालदार, तुमी नसता तर मी अंगठा दिला नसता," ती म्हणाली. "मी गेली असती."

दादा ओटीवरून उठले आणि चपला न घालता बाहेर चालू पडले. म्हातारी कावरीबावरी झाली. आईने तिच्या हातातलं ताट घेतलं, तिला बसवलं, कुठे दुखायचं, डॉक्टर कसे होते, सगळं विचारलं. ती गेल्यावर मी चिडून म्हटलं, तिची कोलंबी कशाला ठेवलीस? आई म्हणाली, "अगो, ती जगली ना? तिचा काय चुकला?" आणि कोलंबी सोलायला बसली. दर दोन कोलंब्यांनंतर ती थांबून दम घेत होती. मी ते बघितलं आणि मला वाटलं, वय झालं.

मग ती थकायला लागली. जिना चढताना धापा टाकायची, अंगावर निळे डाग पडायचे. ताप यायचा, उतरायचा. रक्त तपासलं तर आकडे वर गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, गोळी नियमित चालू आहे ना? मी म्हटलं, एक दिवस चुकत नाही, मी स्वतः आणून देते. ते म्हणाले, मग असं व्हायला नको होतं. मी त्यांच्यावरच उखडले, मग झालं कसं ते तुम्ही सांगा की!

आईला दाखल केलं. आणि गंमत बघा, दाखल केल्यावर राज्याच्या आणखी एका योजनेत तिची खाट लगेच बसली. जगायची गोळी कुणी देत नव्हतं. मरायला खाट मात्र फुकट मिळाली.

तिचे कपडे आणायला मी घरी गेले. तिने सांगितलं होतं, दोन लुगडी आण, फणी आण, आणि जरा सुकटीचा डबा उघडून ऊन दाखव, किडे पडतील. आमच्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद असतो, ताजी मासळी नसते. त्यासाठी बायका उन्हाळ्यात सुकी मासळी भरून ठेवतात, करंजाच्या बंदरावरून आणलेले बोंबील, जवळा, वाकट्या. याला आम्ही आगोट म्हणतो. आगोट भरणं सोपं, पुरवणं अवघड. त्यात आई पटाईत होती. कुणी पाहुणा आला तरी तिचा डबा श्रावणापर्यंत पुरायचा. मूठभर जवळ्यात ती घरभर माणसांचं कालवण करायची. लहानपणी आम्ही हावरटासारखे डब्यात हात घालायचो तेव्हा हातावर फटका बसायचा. "खाशील आज, मंग पावसात काय खाशील?"

मी माळ्यावरचा डबा काढला. वरती जवळा, खाली बोंबील, आणि बोंबलांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं फडकं. सोडलं तर आत गोळ्या. काही आख्ख्या, बऱ्याचशा अडकित्त्याने कापलेल्या अर्ध्या. वास मारत होत्या सुक्या मासळीचा. मी तिथेच फरशीवर बसले. किती होत्या ते मी मोजलं नाही, मोजण्याची हिंमतच नव्हती. एवढं कळलं की मी आणलेल्यांतल्या बऱ्याचशा इथे होत्या आणि तिच्या पोटात नव्हत्या.

मी ते फडकं घेऊन तशीच दवाखान्यात गेले. दादा खाटेजवळ स्टुलावर बसले होते. मी आईच्या पुढ्यात फडकं ठेवलं. रडत होते की ओरडत होते, मला आठवत नाही. "काय केलंस हे? काय केलंस?"

आई चोरी पकडली गेल्यासारखी हसली. "अर्दी घेत होती. कवा एक दिवस सोडून."

"अगं पण का?"

"तुमी कुनी सांगत नव्हतात किती दिवस पुरवायच्या. कार्ड नाय उगडला तर? पुढं लागल्या तर? मी बोलली, थोड्या ठेवाव्या." मग तिने आवाज खाली केला, दादांना ऐकू जाऊ नये असा. पण ते शेजारीच होते. "आनि तुज्या बापाला किती पलवायचा? तो रोज त्या हापिसांत जाऊन सलाम ठोकतो."

साठवून ठेवणं हा तिच्या जन्माचा गुण होता. त्यावर तिने आम्हाला वाढवलं. गोळीला आगोटीसारखं पुरवून चालत नाही, आज अर्धी घेतली तर उद्याची आख्खी वाया जाते, हे तिला कोण समजावणार होतं? दादा उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे. त्यांची पाठ तेवढी ताठ होती. अंगठा मुठीत दाबून धरलेला मला दिसत होता.

कार्ड उघडलं. हो, उघडलं! कुणी कुठे काय दाबलं देव जाणे, एका सकाळी दादांच्या फोनवर मेसेज आला की तुमची विनंती मान्य झाली आहे. दादांनी तो मला वाचायला दिला आणि चपला घालून निघाले. फौजी दवाखान्यातल्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले, गोळ्यांचे पुडे घेतले, ऊन डोक्यावर घेत आईच्या खाटेपाशी आले. डॉक्टर म्हणाले, आता या गोळीचं काम राहिलेलं नाही. दादांनी पुडे तरीही आईच्या हातात दिले. आईने ते छातीवर ठेवले, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डब्यात ठेव."

ती पावसाच्या आधी गेली. आगोट भरलेली होती, ती तशीच राहिली. आम्ही कुणी त्या डब्याला हात लावला नाही, आणि शेवटी वास असह्य झाला तेव्हा माझ्या नवऱ्याने तो डबाच उचलून बाहेर ठेवला. गाव लोटलं होतं तिला पोचवायला. ज्यांना ज्यांना दादांच्या मागे कार्ड मिळालं ते सगळे म्हातारे काठ्या टेकत आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. "चांगल्या मानसालाच देव नेतो," म्हणत होते. माझ्या जिभेवर आलं होतं, देवाने नाही नेली. मी गिळलं.

त्यानंतर दादांनी कागद वाचणं बंद केलं. कुणी ओटीवर आलं की म्हणायचे, चष्मा फुटलाय. चष्मा खिशातच असायचा. बाहेर उजवा हात खिशात घालून फिरायचे. लोकांना वाटलं, हवालदारांना लकवा मारला की काय.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे हे यंत्रावर अंगठा ठेवून सांगायचं, मग पुढची पेन्शन सुरू राहते. दादा टाळत होते. आज नाही, उद्या. मुदत संपत आली तशी मी त्यांना धरून नाक्यावरच्या ऑनलाइन कामांच्या दुकानात नेलं. तीच बाई, शिबिरातली. तिला बघून माझं डोकं तडकलं, मनात किती वेळा मी तिला काय काय ऐकवलं होतं. ती उठून उभी राहिली. "या हवालदार काका, बसा. काकूंचं कळलं हो, फार वाईट झालं." ती ते मनापासून बोलत होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता. मी दादांना खुर्चीवर बसवलं.

तिने यंत्र पुढे सरकवलं. "ठेवा अंगठा, काका."

दादांनी हात खिशातून काढला नाही.

"दादा," मी म्हटलं, "ठेवा."

"नाय देनार."

"पेन्शन बंद होईल."

"होव दे."

मागे माणसं थांबली होती. बाई गोंधळली, म्हणाली, काका, हे शिबिराचं नाही, नुसतं जिवंत असल्याचं आहे. दादांची हनुवटी हलायला लागली. एवढ्या वर्षांत, आई गेली त्या दिवशीसुद्धा, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. ते सगळ्यांसमोर, पोरासारखे रडले. "याच अंगठ्यान मी तिला मारली," ते म्हणाले. "आनि आता याच अंगठ्यान सांगू का, मी जिता हाय?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं, तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ते खरंही होतं. पण ते बोलून त्यांचं काय भलं होणार होतं? मी त्यांचा हात खिशातून ओढून काढला. मूठ घट्ट होती. एकेक बोट उघडावं लागलं. अंगठा धरून काचेवर दाबला. यंत्राने लाल दिवा दाखवला. बाई हळूच म्हणाली, "ओला आहे. पुसा."

मी माझ्या ओढणीने त्यांचा अंगठा पुसला आणि परत दाबला. या वेळी हिरवा दिवा लागला.

"झालं काका," बाई म्हणाली. "आता वर्षभर बघायला नको."

दादा उठले नाहीत. अंगठ्याकडे बघत बसले होते. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, "वरीसभर? वरीसभर कसा पुरवायचा गो बाय?"